साक्षीबाई अकरा वाजता बोलतात

लाँड्रीच्या मागच्या अंगणात त्या दिवशी कपड्यांऐवजी माणसं वाळत होती. तीस-चाळीस जण भर उन्हात उभे, आणि कोणी हू की चू करत नव्हतं. मधोमध टेबलावर काळ्या कापडानं झाकलेली लाकडी पेटी. पेटीत कोंबडी. कोंबडीचं नाव साक्षीबाई. ती चोर ओळखते, अशी तिची ख्याती.

आत्या अंड्यांचे ट्रे घेऊन बेकरीकडे निघाली होती. तिची भाची याच लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची, म्हणून गर्दी बघून तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि आत घुसली.

"काय चाललंय हो?" तिनं पुढच्या माणसाला विचारलं.

"शू! साक्षीबाई ध्यानाला बसल्यात."

"कोण?"

"कोंबडी."

आत्याच्या घरामागे पंचेचाळीस कोंबड्या होत्या. त्यातली एकही आजवर ध्यानाला बसली नव्हती. खुडूक होऊन अंड्यांवर बसल्या होत्या चार.

पेटीशेजारी कोंबडीबाबा उभे होते. पांढरा शर्ट, नवेकोरे बूट, आवाज रेडिओवर बातम्या देतात तसा. "माणूस खोटं बोलतो," बाबा म्हणाले. "कागद खोटं बोलतो. आरसासुद्धा उजव्याचं डावं करतो. पण कोंबडी? कोंबडीनं कोर्टात खोटी साक्ष दिल्याचं एक तरी उदाहरण दाखवा मला!"

कोणाकडेच उदाहरण नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागली.

हरवली होती एक अंगठी. डॉक्टरीणबाई पेशंट तपासताना ती काढून एप्रनच्या खिशात ठेवायच्या. एप्रन धुवायला आला, धुऊन परत गेला, अंगठी गेली नाही. एप्रनला हात लागले होते तिघांचे: डाग काढणाऱ्या काकू, इस्त्रीवाला आणि आत्याची भाची. तिघांना एकेक करून पेटीसमोरच्या स्टुलावर बसवायचं, असं ठरलं होतं. काकू बसून उठल्या. पेटी गप्प. इस्त्रीवाला बसून उठला. पेटी गप्प. भाची बसली. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि आतून एकदम आरोळी उठली.

"कॉक-कॉक-कॉक-कॉकॉऽऽक! कॉक-कॉक-कॉकॉऽऽक!"

गर्दीनं तोंडात बोटं घातली. भाची स्टुलावरून अर्धवट उठली. "मी नाही घेतली," ती म्हणाली, पण कोंबडीचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

"घाई नको," बाबांनी हात वर केला. "साक्षीबाई दोनदा बोलतात. उद्या बारा वाजता दुसरी साक्ष."

"उद्याही हिच्यावर ओरडली, तर ही कामावरून बंद," लाँड्रीचे मालक म्हणाले. "आणि अख्ख्या बाजारात सांगणार मी, हिला कोणी कामावर ठेवू नका म्हणून."

"उद्या बाराला का हो?" मागून आत्यानं विचारलं. "आज तर अकराला झालं."

"मुहूर्त रोज तासभर पुढे सरकतो, बाई. ताऱ्यांची गती असते."

"म्हणजे काल दहाला होता?"

बाबा जरा चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"ताऱ्यांची गती," आत्या म्हणाली आणि बेकरीत ट्रे पोचवायला निघून गेली.

दुपारी भाची आत्याच्या ओट्यावर येऊन बसली. पुढ्यातल्या ताटाला तिनं हातही लावला नव्हता. आत्या ओल्या फडक्यानं अंडी पुसत होती.

"आत्या, तिनं माझ्यावरच का गं आरडाओरडा केला? काकूंवर नाही, कोणावरच नाही."

"तू घेतलीस का?"

"नाही गं!"

"मग झालं तर."

"पण आता मलाच वाटायला लागलंय," भाची म्हणाली. "नकळत माझ्या हातानं कुठे गेली असेल का? मला आठवत नसेल का?"

आत्यानं फडकं खाली ठेवलं. इतका वेळ तिला या प्रकाराची गंमत वाटत होती. आता वाटेनाशी झाली. चांगली शहाणी पोर एका कोंबडीच्या सांगण्यावरून स्वतःला चोर समजायला लागली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "खुराड्यापाशी जाऊन बस. ती तांबडी कोंबडी आहे ना, तिच्यावर नजर ठेव. कोपरान्कोपरा धुंडाळत फिरतेय बघ. कधी रडते, कधी गप्प होते, कधी बोंबलते, सगळं बघ आणि मग ये."

भाची गेली. पाऊण तासानं परत आली ती पदरात एक गरम अंडं घेऊन आणि डोळे विस्फारून.

"अगं, म्हणजे तो मेला..."

"आधी जेव," आत्या म्हणाली. "आणि मला सांग, तू बसल्यावर बाबांनी काय केलं?"

"टेबलाखाली हात घातला. दोरी आहे तिथे. ती ओढली तशी खट्ट करून माझ्यासमोरची फळी सरकली, तिथे कापडाला फट आहे."

"आणि त्याच्या आधी? मालकांशी काही बोलणं?"

"मी ऑफिसात चहा घेऊन गेले होते तेव्हा बाबा विचारत होते, तुमचा संशय कोणावर. मालक म्हणाले, नवीन पोरीवर."

आत्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. हे हसू ओळखणाऱ्या लोकांनी गल्लीत केव्हाच कानाला खडा लावला होता. "उद्या तू एकच करायचं," ती म्हणाली. "जरा मंद व्हायचं."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. डॉक्टरीणबाईसुद्धा दवाखाना बंद ठेवून आल्या होत्या, आणि आपण सहज आलोय असं दाखवत होत्या. आत्या हातात पुठ्ठ्याचा पंखा घेऊन पेटीला खेटून उभी राहिली. "उकाड्यात बाईंना वारा घालते," ती म्हणाली. बाबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली.

बाराला दहा कमी असताना पेटीतून एक लांबलचक, रडका सूर आला. "कूँऽऽऽ... कूँऽऽऽक..."

"साक्षीबाई ध्यानाला बसल्या!" बाबांनी जाहीर केलं.

सूर थांबला. काकू बसल्या, उठल्या. इस्त्रीवाला बसला. तो बसलेला असताना पेटीत बारीकसं 'टप' झालं. गर्दीत कोणाला ऐकू आलं नाही. बाबांना आलं. आत्यालाही आलं.

"आता ती मुलगी!" बाबा गरजले.

भाची पुढे आली. स्टुलाभोवती एक चक्कर मारली. "कशी बसू, बाबा?"

"काल बसली होतीस तशीच बस."

"काल घाबरले होते हो. आठवत नाही. तोंड इकडे करू?"

"पेटीकडे! पेटीकडे तोंड!"

"आणि हात?"

"गुडघ्यावर!"

"कोणाच्या?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा तोल गेला. "अगं बाई, असं! असं बसायचं!" म्हणत ते स्वतःच स्टुलावर बसले, पेटीकडे तोंड, हात गुडघ्यावर.

आत्यानं चपलेतून पायाचा अंगठा काढला आणि त्यानं टेबलाखालची दोरी ओढली.

खट्ट. साक्षीबाई अंधारातून उजेडात आल्या. मान वाकडी करून त्यांनी बाबांकडे एकदा या डोळ्यानं पाहिलं, एकदा त्या डोळ्यानं पाहिलं, आणि घसा मोकळा केला.

"कॉक-कॉक-कॉक-कॉकॉऽऽक!"

तब्बल दीड मिनिट साक्ष चालली. बाबांनी "शू शू" केलं, त्यानं साक्षीबाई आणखीच चेकाळल्या.

"बाबा," आत्या अदबीनं म्हणाली, "अंगठी काढता का?"

"खिसे बघा त्यांचे!" इस्त्रीवाला बाह्या सरसावून पुढे आला.

"थांबा, थांबा हो!" बाबा ताडकन उठले. "असं नसतं! ती काय, समोर कोणीही असलं तरी ओरडते!"

इस्त्रीवाल्यानं सरसावलेल्या बाह्या खाली सोडल्या.

"काय म्हणालात?" आत्यानं विचारलं. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

बाबा एकेक पाऊल मागे सरकायला लागले. आत्यानं कापड उचललं, पेंढ्यात हात घातला आणि एक अंडं काढून मालकांच्या तळहातावर ठेवलं. मालक दचकले. अंडं गरम होतं.

"ही तुमची साक्ष," ती म्हणाली. "अंडं यायचं असलं की कोंबडी आधी रडका सूर काढते, जागा शोधते. मग अंधारात गप्प बसते. ते यांचं ध्यान. तेवढ्यात ज्यांच्यावर संशय नाही त्यांना बसवून उठवायचं. अंडं पडलं की तुमच्या मनातलं माणूस बसवायचं आणि फळी सरकवायची. अंडं घालून बाहेर आली की कोंबडी गाव गोळा करते, ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. आणि दोन अंड्यांत साधारण पंचवीस तास जातात, म्हणून मुहूर्त रोज तासभर पुढे. असं सरकत सरकत संध्याकाळ आली की कोंबडी एक दिवस खाडा करते. त्या दिवशी यांचे तारे सुट्टीवर."

"बरोबर!" बेकरीवाला ओरडला. "गेल्या आठवड्यात आमच्याकडे म्हणाले, आज साक्षीबाईंचं मौन!"

बाबांनी तेवढ्यात पुढचं दार गाठलं होतं. नवे बूट करकरत रस्त्याला लागले. कोंबडी न्यायचं त्यांना सुचलं नाही.

"ते सगळं ठीक," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "पण मग माझी अंगठी?"

"मला माहीत नाही, बाई. कोंबडीलाही नाही. मालक, शोधलीत कुठे कुठे?"

मालकांनी अंडं या हातातून त्या हातात घेतलं. "म्हणजे... बाबांना बोलावलं ना."

"मशीनचा फिल्टर उघडलात?"

 इस्त्रीवाला पाना घेऊन आत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या ओंजळीत करड्या मळाचा गोळा होता. त्यातून तीन बटणं निघाली, एक केसाची पिन, लहान मुलाचा मोजा आणि अंगठी.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मालक खाकरले. "चल गं पोरी, झालं गेलं. लाग कामाला."

भाची जागची हलली नाही. "काल एवढ्या लोकांसमोर मला चोर ठरवलंत. आता एवढ्याच लोकांसमोर सांगा."

मालक काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," भाची म्हणाली.

"हिनं चोरी केली नाही!" मालक मोठ्यानं म्हणाले. "चूक माझी होती! हिची माफी मागतो मी!"

गर्दी पांगायला लागली, बरीचशी खाली माना घालून. आत्यानं त्यांना थांबवलं. "एक सांगते, मग जा. काल तुम्ही सगळे इथेच होतात. पेटी हाताच्या अंतरावर होती आणि कापड काही खिळ्यांनी ठोकलेलं नव्हतं. एकानंही ते उचललं नाही. बाबांची भीती वाटली म्हणा, नाहीतर शेजारचा हसेल म्हणून म्हणा. त्यापायी ही पोर आयुष्यभर चोर म्हणून फिरली असती. पुढच्या वेळी कोणी झाकलेलं काही समोर ठेवून माणसावर बोट दाखवायला लागला, तर मान डोलवायच्या आधी पुढे व्हा आणि झाकण उघडून बघा. बघायला काय जातं?"