न वाजणारी पेटी

मित्रांनो, शिरोड्याला एका घराच्या पडवीत, नारळांच्या ढिगाशेजारी, फणसाच्या लाकडाची एक काळवंडलेली पेटी पडून असते. तो मी. हसू नका, माझ्या पोटात खरोखरच संगणक आहे. मी नवा होतो तेव्हा शेजारच्या यशोदाकाकू मला बघायला आल्या आणि बाजाची पेटी समजून म्हणाल्या, "जरा वाजवन दाखय रे."

श्रीपाद म्हणाला, "ही वाजत नाय गो काकी. वाजू नये म्हणानच केलंय."

तेव्हापासून अख्ख्या आळीत माझं नाव पडलं, न वाजणारी पेटी. मला राग यायचा. आता येत नाही.

मला घडवलं या श्रीपादने, एकोणीसशे शहाऐंशी साली. तो मुंबईला टेलिफोनच्या कारखान्यात पक्क्या नोकरीला होता. ती सोडून गावी आला आणि बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान घालून बसला. त्याचे वडील दाजी म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांना हे मुळीच रुचलं नाही. ते भांडले नाहीत, त्यांनी बोलणंच सोडलं. चार वर्षं एका छपराखाली राहून बापलेक माईच्या, म्हणजे श्रीपादच्या आईच्या, मार्फत बोलत. दोघं समोरासमोर जेवायला बसलेले असले तरी दाजी म्हणत, "त्याला सांग, पाऊस आहे, छत्री ने म्हणावं." आणि माई बिचारी सांगायची, जसा काही तो दुसऱ्या गावी बसला आहे.

मग दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोकं मात्र शाबूत राहिलं. डाव्या हाताने पाटीवर लिहून पाहिलं त्यांनी. हस्ताक्षरासाठी तालुक्यात नावाजलेला माणूस तो. स्वतःच्या हातची ती गिचमिड बघून त्यांनी पाटी ढकलून दिली आणि पुन्हा हातात घेतली नाही. त्याच दिवशी श्रीपादने मला करायचं मनावर घेतलं. बापाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, ते एकदा तरी त्याला कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी माझा जन्म आहे, मित्रांनो.

दाजींना कसलाच आवाज सोसवत नव्हता. पंखा लावला तरी कपाळाला आठ्या पडत. आणि आमच्याकडची वीज तर काय, आली तर आली, आणि आली तरी बल्ब काजव्याएवढा. म्हणून मी मुका हवा आणि खायला थोडकं लागणारा हवा, असं ठरलं. मुंबईच्या सत्यवान नावाच्या मित्राने कमी वीज पिणाऱ्या आयसी, म्हणजे माझ्या पोटातल्या चिपा, एसटीच्या पार्सलने धाडल्या. त्या तापत नाहीत, म्हणून मला पंखा नको. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, म्हणून तोही नको. मी चालायचो मोटारीच्या जुन्या बॅटरीवर. गंगाराम सुताराने तळाला आणि पाठीला भोकं पाडली, वारा आपला आपण खेळावा म्हणून. खाऱ्या हवेने गंज चढू नये यासाठी शिशाने झाळून जोडलेल्या प्रत्येक जागेवर वॉर्निश लावलं. पडदा म्हणून बॅटरीवर चालणारा लहानसा टीव्ही आणला, आणि माझ्या कपाळावर एक तांबडा दिवा बसवला. मी जागा असलो की तो पेटायचा.

अक्षरं मात्र बाजारात मिळत नव्हती. श्रीपादने चौकटीच्या वहीत एकेक घर काळं करून सगळी बाराखडी काढली. ती माझ्या अशा भागात कोरली की वीज गेली तरी पुसायची नाही. पण माझ्यावर जे कोणी लिहील ते दुसऱ्या भागात राहायचं, आणि तो भाग वीज आहे तोवरच जागा. ते कायमचं राखायचं तर कॅसेटवर उतरवून घ्यावं लागे.

पहिल्या दिवशी दाजींनी डाव्या हाताच्या एका बोटाने माझ्या कळफलकावर बराच वेळ कळा शोधून लिहिलं, "ळ चुकला आहे."

चार वर्षांनी बापाने लेकाला थेट म्हटलेले हे पहिले शब्द. श्रीपाद परसात जाऊन रडला आणि परत येऊन त्याने ळ दुरुस्त केला. त्या दिवसाइतकं सुख मला पुढे कधी झालं नाही.

मग एका सोमवारी दाजी काहीतरी मोठं लिहायला बसले. वर नाव घातलं, "चि. श्रीपाद यास". श्रीपाद जवळ आला तसा त्यांनी हाताने पडदा झाकला. पुरं होईस्तोवर बघायचं नाही, अशी खूण केली. मास्तरच ते! कच्चं लिहिलेलं कुणाला दाखवायचे नाहीत. चार दिवस ते लिहीत होते, दिवसाला चार-पाच ओळी. दमले की टीव्ही बंद होई, मी मात्र जागाच. एरवी काम झालं की श्रीपाद माझा खटका बंद करायचा. त्या चार दिवसांत त्याने त्याला हात लावला नाही. पुरं झालं की लगेच उतरवून घेऊ म्हणून त्याने टेपरेकॉर्डर काढला, तर त्याचा पट्टा तुटलेला.

गुरुवारी सकाळी दाजींनी शेवटची ओळ संपवली, लेकाकडे बघून मान डोलावली आणि थकून झोपी गेले. श्रीपादला तिथल्या तिथे वाचता आलं असतं. पण त्याला वाटलं, एवढ्या कष्टाने लिहिलंय, ते जागे झाल्यावर त्यांच्या समोर बसून वाचावं. तोवर वेंगुर्ल्याहून नवा पट्टा आणावा. निघताना तो म्हणाला, "माई, मी वेंगुर्ल्याक जावन येतंय. पेटी तेवडी शांत ठेव हां."

"होय रे, ठेवतंय," माई म्हणाली.

कुणाला हात लावू देऊ नको, असं त्याला म्हणायचं होतं. पण माईच्या घरात दिवा विझवत नसत, शांत करत. देवापुढच्या समईलाही ती फुंकर मारायची नाही, फुलाने वात दाबायची. कोणी पोर "दिवो इझवलंय" म्हणालं तर तिच्या तोंडावर हात ठेवायची. आता तिने पाहिलं, भरदिवसा माझ्या कपाळावर तांबडा दिवा जळतो आहे. बॅटरी उतरेल म्हणून श्रीपाद नेहमी जपतो, हे तिला ठाऊक होतं. तिने पदराला हात पुसले, मला नमस्कार केला आणि खटका अलगद खाली केला.

पुढचं मला माहीत नाही. मी नव्हतोच.

पुन्हा जागा झालो तेव्हा माझ्यासमोर श्रीपाद होता, हातात रबराचा पट्टा घेऊन. पडदा कोरा होता.

"माई," तो हळूच म्हणाला, "दिवो खंय गेलो?"

"शांत केलंय मा. तूच सांगान गेलंस."

श्रीपादने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो ओरडणार. तो एवढंच म्हणाला, "बरां केलंस."

दाजी जागे झाले. कोरा पडदा बघून त्यांनी लेकाकडे पाहिलं. श्रीपाद म्हणाला, "वाचलंय, दाजी. सगळा वाचलंय." दाजी त्याच्याकडे बघत राहिले, भुवया वर करून, काहीतरी विचारल्यासारखे. त्या लिहिण्यात काहीतरी विचारलेलं होतं, हे श्रीपादच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने होय म्हणून मान हलवली. दाजींनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही, आणि आठव्या दिवशी ते गेले.

कशाला होय म्हटलं, हे श्रीपादला अजून माहीत नाही. कधीतरी तो बॅटरी जोडतो आणि माझ्यासमोर बसतो. एकदा म्हणाला, "काय इचारल्यानी रे?" मित्रांनो, मला आठवत नाही. बाराखडी सगळी आहे, दुरुस्त केलेला ळसुद्धा आहे. त्या चार दिवसांत नावाखाली जे लिहिलं, ते मात्र काही नाही. खोटं तरी काय सांगू?

माझी निगा राखा, असं मी म्हणत नाही, माझ्यात राखण्यासारखं काही उरलेलं नाही. पण घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर तो आजच मोडा, यंत्रावर विसंबू नका. आणि कुणावर काही सोपवून जाल तर नीट, सगळं सांगून जा.

आणखी एक मागणं आहे. माई रोज सकाळी पदराने माझ्यावरची धूळ पुसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लेकाचं कौतुक सांगते, "माज्या झिलान ह्यांका बोलते केल्यान." तिला यातलं काही कळू देऊ नका.