फळ्यावरचा अकरावा गडी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीत झाला. मी अस्सल पाटीच्या दगडाचा आहे, हल्लीच्या पांढऱ्या फळ्यांसारखा पत्र्याचा नाही. मला कापलं, घासलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि ओहायोत सरोवराकाठच्या एका शहरात, चर्चच्या शाळेत नेऊन टांगलं. तिथे सिस्टर बर्नडीन गणित शिकवायच्या. पोरं शेजाऱ्याचं उत्तर चोरून माझ्यावर लिहायची आणि साळसूदपणे जागेवर जाऊन बसायची. मग सिस्टर म्हणायच्या, "उत्तर राहू दे, रीत दाखव." की पोरगं गार! तेव्हापासून मला ही खोड लागली. देखणं उत्तर दिसलं की आधी शंका येते.

त्या वर्गात कॅझिमिर विशनेव्स्की नावाचा एक दांडगा मुलगा होता. त्याचे वडील पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. सगळे त्याला कॅझ म्हणत. पुढे कारखाना बंद पडला, त्यामागून शाळाही बंद पडली आणि माझ्यावर धूळ साचू लागली. तोवर कॅझ शहरातल्या व्यावसायिक फुटबॉल संघात प्रशिक्षक झाला होता. एक दिवस तो छोटा ट्रक घेऊन आला, मला घोंगडीत गुंडाळलं आणि संघाच्या इमारतीत क्वार्टरबॅकच्या खोलीत आणून लावलं. मी धन्य झालो, हे कबूल करतो.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. दोन्हीकडे अकरा अकरा गडी. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरचे रेडे अंगावर धावून येत असतात, आणि तेवढ्या अवधीत त्याने ठरवायचं की चेंडू कुणाकडे फेकायचा. जरा चुकला की चेंडू शत्रूच्या हाती आणि शिव्या याच्या कपाळी. सगळा संघ, सगळं शहर त्याच्या एका नजरेवर टांगलेलं असतं.

कॅझचा एक नियम होता. आधी खडू, मग फिल्म. सामन्यात जिथे चूक झाली असेल, तो डाव क्वार्टरबॅकने आठवणीतून माझ्यावर काढायचा. आपले गडी गोल, समोरचे फुली. चित्र पुरं झाल्याशिवाय कॅझ सामन्याची चित्रित केलेली फिल्म लावत नसे. आता तुम्हाला माझ्या संशयी स्वभावाचं खरं कारण सांगतो. खडू खोटं बोलतो. जो तो आपली चूक काढताना एखादी फुली हळूच वीतभर सरकवायचा. म्हणजे, तो गडी कुठून तरी अचानक उपटला, त्यात माझा काय दोष! मग फिल्म लागली की फुली भलतीकडेच असायची आणि साहेब जमिनीकडे बघत बसायचे.

लँडन प्रॉक्टर नावाचा एक देखणा पोरगा होता. त्याचा हात असा, की रेघ म्हणजे रेघ. पाहुणे येऊन त्याच्या चित्रांचे फोटो काढत आणि जाता जाता माझंही कौतुक करत. त्याच्या फुल्या मात्र नेहमी त्याच्या सोयीच्या जागी असायच्या. कॅझने परोपरीने समजावलं. पण मैदानावरची माणसं काही कुणाच्या सोयीने उभी राहत नाहीत. प्रॉक्टर पार कोसळला आणि एका हिवाळ्यात सामान बांधून घरी गेला.

आमच्या खेळात दर वसंतात सगळे संघ कॉलेजातली पोरं आपसांत वाटून घेतात, आणि सगळ्यात जास्त हरलेल्या संघाला पहिल्या निवडीचा मान. त्या वर्षी हा मान आमच्याकडे आला. यात अभिमान कसला बाळगायचा कोण जाणे, पण शहर नाचलं. निवडला गेला टेव्हिन ब्रॉसार्ड. लुईझियानाच्या दलदलीतून आलेला, लांब हातांचा, शांत. संघाचा कारभार पाहणारे ग्रेडी हॉलोवेल त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आमच्या खोलीत घेऊन आले. पोरगा प्रत्येक वाक्याला "हो, सर" आणि "नाही, सर" म्हणत होता. इतका नम्रपणा पाहून मी मनात म्हटलं, पाणी खोल दिसतंय.

पहिल्याच दिवशी कॅझने त्याला डावाचं नाव मोठ्याने म्हणायला सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक डावाआधी दहा जणांच्या घोळक्यात उभं राहून क्वार्टरबॅकने ते नाव घडाघडा म्हणायचं असतं, आणि ते असतं मालगाडीएवढं लांब. टेव्हिन मध्येच अडखळला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडखळला. त्याच्या कॉलेजात घोळकाच नव्हता. मैदानाच्या कडेला कुणीतरी प्राण्यापक्ष्यांची मोठमोठी चित्रं उंच धरायचं. चित्र बघायचं, डाव समजायचा, चेंडू फेकायचा.

खोलीत मिच डेलाहंटी होता. हा आमचा जुना क्वार्टरबॅक, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तो म्हणाला, "इथे कुणी कोंबडा वर धरत नाही, राजा. तोंड उघडावं लागतं."

"कोंबडा नव्हता, सर," टेव्हिन गंभीरपणे म्हणाला. "पेलिकन होता."

मिच खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. कॅझसुद्धा हसला. मी मात्र हसलो नाही. मला दिसत होतं की या पोराने आजवर खेळ पाहिलाच नव्हता, फक्त चित्रं पाहिली होती. असल्या पोराच्या हाती शहर द्यायचं?

ऑगस्टमध्ये एक सराव सामना झाला आणि टेव्हिनने चेंडू थेट समोरच्या गड्याच्या छातीवर नेऊन फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅझने त्याच्या हाती खडू दिला. मी सावध झालो. आता कुठली फुली सरकते बघू, असं म्हणून मी टपून बसलो.

त्याने आपले अकरा गोल काढले. मग समोरच्या फुल्या काढू लागला. रेघा वाकड्या, हात जड. दहा फुल्या झाल्या आणि तो थांबला.

"दहाच?" मिच म्हणाला. "अरे बाबा, समोरचा एक जण जेवायला गेला होता की काय?"

"अकरावा कुठाय, पोरा?" कॅझने विचारलं.

"मला दिसला नाही, सर."

"म्हणजे आठवत नाही?"

"नाही, सर. दिसलाच नव्हता. आता कुठेतरी फुली मारली तर ती खोटी होईल."

 कॅझने फिल्म लावली. अकरावा गडी मधोमध उभा होता, रिकाम्या जागेत, दिवसाढवळ्या. मिचने कपाळावर हात मारला. टेव्हिन मात्र फिल्मकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडून हळूच निघालं, "हा इथे होता होय!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी जागा रिकामी ठेवली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नाही. मी म्हटलं, हे सोंग असेल. म्हाताऱ्या कॅझला काय आवडतं ते पोराने हेरलं असेल. खोटं बोलण्याच्या नाना तऱ्हा असतात, त्यात भोळेपणा ही सगळ्यात महागडी.

कॅझने ते चित्र पुसू दिलं नाही. दुपारी हॉलोवेल आले. कॅझ डब्यातले पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या पोलिश करंज्या, खात होता, त्यांनी एक उचलून तोंडात टाकला आणि चित्राकडे बोट दाखवलं.

"हे आपल्या राजपुत्राचं?"

"हो."

"कॅझ, याला अकरापर्यंत मोजता येत नाही!"

"मोजता येतं. न दिसलेलं दिसलं म्हणता येत नाही, एवढंच. मला विचारशील तर पोरगा होईल तयार. पण आत्ता नाही. सुरुवातीचे सामने मिच खेळेल."

"शहरभर याचे फलक लागलेत. लोक याला बघायला येणार आहेत, मिचचे गुडघे बघायला नाही."

"प्रॉक्टरच्या वेळीही फलक होते."

"मला फक्त हो किंवा नाही सांग."

"अजून नाही."

"हे तुझं शेवटचं?"

"ग्रेडी, कच्चं फळ गवतात घालून पिकवतात. दाबून दाबून फक्त नासतं."

हॉलोवेलनी रुमालाला हात पुसले आणि ते निघून गेले. त्या आठवड्यातच कॅझला नारळ मिळाला. सामान न्यायला आला तेव्हा टेव्हिन दारात उभा होता. "माझ्यामुळे झालं, सर," तो म्हणाला. कॅझने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "तुझ्यामुळे काही होण्याइतका तू अजून मोठा झाला नाहीस. आधी खडू, मग फिल्म. विसरू नकोस." आणि माझ्याकडे वळूनही न पाहता गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

नवा प्रशिक्षक आला, त्याच्याबरोबर भिंतभर पडदा आला. मला उचलून तळघरात, धुलाईखान्याबाहेरच्या बोळात टेकवून ठेवलं. माझ्या चौकटीवर लोक ओले टॉवेल टाकू लागले. पाण्याचे ओघळ अंगावरून खाली यायचे आणि कुणाला पुसायचं सुचत नसे. समोर एक बाक होता, एवढीच काय ती सोबत.

मोसमाचा पहिला सामना झाला. मला बातम्या बोळातूनच कळतात. टॉवेल आणणारे लोक चवीने सांगत होते, ब्रॉसार्डने चेंडू तीनदा शत्रूला नेऊन दिला, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मी म्हटलं, बघा! माझा संशय खरा ठरला. मनातून मात्र अजिबात आनंद झाला नाही.

मंगळवार हा खेळाडूंचा सुट्टीचा दिवस. इमारत रिकामी होती. टेव्हिन बोळात आला. गालावर भलामोठा काळानिळा डाग. त्याने माझ्यावरचे टॉवेल काढले, फडकं ओलं करून मला नीट पुसलं आणि वाळेपर्यंत थांबला. त्याच्याकडे सामन्याची सगळी फिल्म दाखवणारं हातातलं यंत्र होतं. ते त्याने बाकावर पालथं ठेवलं आणि खिशातून खडू काढला.

मी टपून बसलो. आता कॅझ नव्हता. तपासणारं कुणी नव्हतं, शाबासकी देणारंही कुणी नव्हतं. सोंग असेल तर आता गळून पडणार होतं. यंत्र हाताच्या अंतरावर होतं, उलटं करून एक नजर टाकली असती तर कुणाला कळलं असतं?

त्याने अकरा गोल काढले. मग एक एक करून दहा फुल्या काढल्या, आणि थांबला. खडू हातात धरून तो त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. खूप वेळ. यंत्राकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तेवढ्यात मिच लंगडत आला. गुडघ्याला बर्फ लावायला आला होता. "सुट्टीच्या दिवशी काय रे हे?" तो म्हणाला आणि मग त्याची नजर माझ्यावरच्या चित्राकडे गेली. सामन्यात तो कडेला उभा होता, त्याला सगळं दिसलं होतं. त्याने टेव्हिनच्या हातातला खडू घेतला आणि अकरावी फुली काढायला हात उचलला.

टेव्हिनने त्याचं मनगट धरलं. "नको, मिच. मला दिसू दे."

"आणि नाहीच दिसला तर?"

"तर रविवारी पुन्हा मार खाईन."

मिचने त्याच्याकडे पाहिलं. नेहमीचा टोमणा ओठावर आला असावा, पण त्याने तो गिळला. खडू परत दिला, टॉवेल बाजूला सारले आणि बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बाकावर बसला. "बघ मग," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

मित्रांनो, हा पोरगा मोठा क्वार्टरबॅक होईल की प्रॉक्टरसारखा सामान बांधून जाईल, ते मला ठाऊक नाही. जे छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यावर माझा आजही विश्वास नाही. पण त्या दुपारी मी माझा संशय मागे घेतला. तुम्हाला एकच विनवणी करतो. तुमच्यापैकी कुणी नवं पोर पारखायला बसलात, तर त्याने काय भरलं एवढंच बघू नका, कुठली जागा रिकामी सोडली तेही बघा. आणि त्या जागेसमोर तो उभा असेल, तर फडकं घेऊन घाईघाईने पुसायला येऊ नका. त्याला थोडा वेळ उभं राहू द्या.