तीस इंच कमरेचा किल्ट

"ते लाल कापड आधी उचला इथून. मला बघवत नाही," मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याच्या कुळाचा चौकडा त्यांनी दोन बोटांनी टेबलाच्या कडेला सरकवला. मेलेला उंदीर सरकवावा तसा.

मी गळ्यात टेप घालून उभी होते. या दुकानाच्या मागच्या खोलीत मी एक्केचाळीस वर्षं किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे निऱ्यांचे घागरे, शिवते आहे. हाताने, एकेकाला आठ वार कापड, ज्याच्या त्याच्या कुळाच्या चौकड्याचं. आमच्या ब्लेअरगौरी गावातल्या कुठल्या पुरुषाच्या ढुंगणावर निऱ्या कशा पडतात ते त्याच्या बायकोला नसेल, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मापाच्या पाटावर माझाच नातू उभा होता, फिनले. या बाईंच्या मुलीशी, आयलाशी, त्याचं लग्न ठरलं होतं.

"आमच्या लग्नात सगळे पुरुष गॉर्डन घालणार," बाई म्हणाल्या. "हिरवा-निळा, पिवळ्या रेघेचा. आम्ही गॉर्डन कुळातले. तसा कागद मागवलाय मी, फ्रेमसुद्धा केलाय."

"तुमचे यजमान इंग्लंडातले, यॉर्कशरचे ना?"

"माझ्या आईची आजी गॉर्डन होती."

"बरं झालं तिथंच सापडली. नाहीतर आणखी किती बायका उकरायला लागल्या असत्या!"

दुकानाचे मालक रेनी काउंटरमागे खोकले. बाईंचे कान लाल झाले.

"टीनी, तू फक्त माप घे."

टीनी, आणि वर तू. मी या बाईपेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. पण शिवणारीला अहोजाहो कोण करणार?

"याच्या आजोबांचा किल्ट आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "हाच लाल चौकडा, मॅकफीचा. मीच शिवलेला. निऱ्या उसवून कंबर तिसाची चौतीस करून ठेवली आहे. पोरगा नुसता उभा राहिला तरी..."

"मॅकफी म्हटलं की या गावात लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मी सांगायला हवं का?" बाईंनी आवाज खाली आणला. "भटक्यांचे तंबू. कल्हईची भांडी. माझ्या मुलीच्या फोटोत ते नको."

तंबूतच जन्मले मी. बाप कल्हई करायचा, आई बेरीच्या मळ्यात राबायची. शाळा दोन हिवाळे पाहिली, तीही मागच्या बाकावरून, कारण माझ्याजवळ कोणी बसायचं नाही. पण मॅकफी हे काही भांड्यावर मारलेलं नाव नव्हे. ते बेटावरचं कुळ. बेट गेलं, माणसं रस्त्यावर आली, नाव तेवढं हातात राहिलं. त्याला कागद लागत नाही.

माझ्या नवऱ्याने, सँडीने, तो किल्ट तीनदाच घातला. पहिल्यांदा आमच्या लग्नात, शेवटच्यांदा पोराच्या बारशाला. मधल्या वेळी गावच्या खेळांना गेलो होतो, तिथे सगळेच किल्ट घालून येतात. फाटकावरच्या माणसाने अडवून विचारलं, "कुणाचा चोरलास रे?" सगळी रांग हसली. सँडीने आवाज चढवला नाही. म्हणाला, "माप लावून बघा. माझ्याच कमरेचा आहे." तो माणूस खरंच टेप घेऊन आला, आणि त्याने खरंच मोजलं. तीस भरलं. त्यानंतर सँडी खेळांना कधी गेला नाही.

हे सगळं फिनलेला माहीत आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून दहादा ऐकलंय त्याने. मी त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"तू बोल रे. तुझी कंबर आहे."

"आजी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. फोटोपुरतं गं."

मी टेप त्याच्या कमरेला आवळला. जरा जास्तच. "चौतीस," मी रेनींना सांगितलं. "बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत चोवीस. गॉर्डन."

रेनी म्हणाले, "टीनी, दुसरीला देतो हवं तर." मी म्हटलं, "माझ्या नातवाच्या अंगाला दुसरीची सुई लागायची नाही." मनात आलं, निऱ्या वाकड्या घालाव्यात, भर चर्चमध्ये बाईंचं नाक कापावं. पण हाताला खोटं शिवता येत नाही. मी शिवला तसा किल्ट त्या गॉर्डनांच्या बापजाद्यांनीही घातला नसेल.

लग्नाच्या सकाळी फिनले मला न्यायला आला. दारात त्याला पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. किल्ट जीन पँटसारखा ढुंगणावर अडकवलेला आणि खालची कड पार पोटऱ्यांवर लोंबत होती.

"अरे गाढवा, मी बेंबीपासून मोजलं होतं! हे काय, ओला टॉवेल गुंडाळलायस?"

"मला कुठे माहीत? कधी घातलाय मी?"

"नाहीच घातलास."

 मी खाली बसले, पट्टे सोडले, किल्ट वर ओढून बेंबीवर बांधला. पुढचा पदर सरळ केला. कड बरोबर गुडघ्याच्या मध्यावर आली. मागे निऱ्या अशा पडल्या की क्षणभर मलाच अभिमान वाटला, आणि त्याचा रागही आला.

बाहेर गाडीत बाईंचा भाऊ हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"चल ना आजी. लग्नाची टोपी घाल."

"मी लाल शाल घेणार. सँडीच्या चौकड्याची. चालेल तुझ्या सासूला?"

त्याने गाडीकडे पाहिलं. दोनदा हॉर्न वाजला.

"जा," मी म्हटलं. "ताठ चाल. आणि बसताना निऱ्या मागून हाताने सावर, नाहीतर चुरगळतील."

गाडी गेली. मी पेटी उघडून सँडीचा किल्ट काढला आणि उजेडाला खिडकीशी बसले. चौतिसाचे टाके एकेक करून उसवले. निऱ्या पुन्हा जुन्या घडीवर बसवल्या. कापडाला त्या घड्या अजून पाठ होत्या. शिवत होते तेव्हा चर्चची घंटा वाजायला लागली आणि वाजून थांबलीही.

दोरा दाताने तोडला. मग टेप लावून मोजलं.

तीस. बरोबर तीस.