स्लॅबची खोली, पत्र्याची खोली

कुरुळीत गेनबाच्या चाळीत दोनच जाती. स्लॅबवाले आन पत्र्यावाले. रस्त्याच्या अंगाच्या खोल्यांना स्लॅब, मागच्या अंगाला पत्रा. पाण्याचा नळ एक, मोरी एक, कंपनीची बस पकडायचा नाका एक. पण उन्हाळ्यात पत्र्याची खोली तव्यावानी तापली का स्लॅबवाल्याला आपली खोली राजाची वाटती. माणसाचं असंच असतंय राव. सुख आपल्या ताटात दिसत न्हाई, शेजारच्याचं रिकामं ताट बघितलं का दिसतं.

शालनबाई स्लॅबवाली. मूळची गेवराईकडची. नवरा नवनाथ चाकणला एका कंपनीत ठेक्यावर, पोरगी विजयश्री दहावीला, आन शालनबाई स्वतः मोशीला मोठ्या सोसायटीत निशिगंधा मॅडमच्या घरी पोळी-भाजीला. घरात गॅस हाय, मिक्सर हाय, दिवाळीत घेतलेला फ्रीज हाय. फ्रीजच्या डोक्यावर हातानं विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. आल्यागेल्याला पाणी द्यायचं तर माठातलं न्हाई, बाटलीतलं गार.

बाईला एक खोड व्हती. सांजचा दिवा लावला का हात जोडून म्हणायची, "देवा, लई दिलंस." नुसतं म्हणून भागायचं न्हाई. मोबाइलवर कुठल्यातरी मुलखातली लढाई, डबडी घेऊन रांगेत उभी ऱ्हायलेली पोरं असलं काय दिसलं का लगेच पोरीच्या नाकापुढं धरायची.

"बघ इजू. त्यास्नी डोक्यावर नुसतं आभाळ. आपल्याला काय कमी हाय?"

"आई," पोरगी म्हणायची, "तुला बरं वाटायला दर टायमाला कुणाचं तरी घर पडायलाच पायजे का?"

"जीभ बघ कशी चालती! तुझ्या मास्तरांनी हेच शिकवलं व्हय?"

पण एक दिवस पोरीनं पोळी खाता खाता सहज इचारलं, "आई, आपण गरीब हाओत का गं?"

शालनबाईचा तव्यावरचा हात तसाच ऱ्हायला. "कोण म्हणलं?"

"कुणी न्हाई. शाळेतल्या पोरी म्हणत्यात चाळीतली."

त्या दिवशी पोळी करपली. गरीब हा शब्द त्या घरात आजवर निघाला नव्हता. गरीब म्हंजी मागं पत्र्यात ऱ्हात्यात ते. गरीब म्हंजी गावाकडं ऱ्हायलेले. गरीब म्हंजी मोबाइलमधले. पोरगी मैत्रिणींना घरी का आणत न्हाई, ते बाईला त्या दिवशी उमगलं. आन मनात कुसळ घुसलं ते काय निघंना.

अशात निशिगंधा मॅडम एक दिवस ओट्यापाशी आल्या. मॅडम रविवारी सोसायटीतल्या पोरांचा संस्कार वर्ग घ्यायच्या.

"शालनताई, या रविवारी वर्गातल्या मुलांना तुमच्या घरी आणलं तर चालेल? त्यांना तुमचं घर बघायचंय."

आता इतकी वर्षं तिनं त्यांच्या घरच्या पोळ्या लाटल्या, पण त्यांनी तिच्या घराचा रस्ता कंदी इचारला नव्हता. बाईच्या डोळ्यातनं पाणीच यायचं ऱ्हायलं. "या की मॅडम! चालंल का काय इचारता!"

घरी आल्याआल्या पोरीला म्हणली, "घे. मोशीच्या फ्लॅटातली पोरं येणारेत आपल्या घरी. मॅडमबी. आता सांग, गरिबाकडं कुणी पाव्हणं येतं का?"

दुसऱ्या दिवशी पोरीनं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून टाकलं आन खिडकीला नवा पडदा लावला. शालनबाईनं ते बघितलं. म्हंजी तिलाबी मनातनं पायजेच व्हतं.

मंग काय, लगीनघाई. बाई गेनबाकडं खुर्च्या मागायला गेली.

"काय गं, पोरीला बघायला येत्यात काय?" गेनबा दात कोरत म्हणला.

"काय बोलता बाबा! दहावीला हाय ती. माझ्या मॅडम येत्यात."

"मॅडम? तुझ्या घरी? न्हे बाई खुर्च्या. पण जपून ऱ्हा. मोठी माणसं उगा कुणाच्या दारात बसत न्हाईत."

म्हाताऱ्याला खवचट बोलल्याबिगर च्या पचत न्हाई, म्हणून बाईनं सोडून दिलं.

रविवारी सकाळी नवनाथ नाइट शिफ्ट करून आला तर घरात पाय ठेवायला जागा न्हाई. फरशी ओली, गादी गुंडाळलेली.

"आगं मी झोपू कुठं?"

"आज नका झोपू."

"मंग फ्रीजमधी ठेव मला. पाव्हणं आलं का गार गार बाहेर काढ."

शेवटाला बिचारा मित्राच्या खोलीवर जाऊन पडला.

गुलाबजाम करायला गिरजाबाई आली व्हती. गिरजाबाई मागच्या पत्र्यातली. तिचा नवरा भीमराज प्रेस मशीनवर व्हता. एका शिफ्टला मशीन आलं खाली आन उजव्या हाताची बोटं घेऊन गेलं. ठेकेदारानं पट्टी बांधंस्तवर वळख ठेवली, मंग फोन उचलायचा बंद झाला. तवापास्नं भीमराज हातावर टॉवेल टाकून दारात बसायचा. नळावर पाण्याला जायचा न्हाई, का तर लोकं हाताकडं बघत्यात. त्या दिवसांत दवाखान्यात डबा कुणी नेला? शालनबाईनं. गिरजाबाई त्याला जागून व्हती. पिठाच्या गोळ्या वळता वळता म्हणली, "आक्का, तुमच्या घराला काय शोभा आलीया! मोठी माणसं भुलतील बघा."

"भुलू दे की. भांडंभर करू. उरलेलं तुझ्या पोरांना."

दहाच्या सुमाराला मॅडम आल्या. गाडी गल्लीत शिरंना, मंग पोरं चालत आली. अंगात सारखे टी-शर्ट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. मॅडमच्या हातात एक मोठी पिशवी. शालनबाईला वाटलं, पोरीसाठी काय आणलं आसंल. इतकं कशाला करायचं या बाईनं!

पोरं दारात बूट काढाय लागली तर मॅडम म्हणल्या, "असू दे रे, बूट राहू दे. पाय खराब होतील."

सकाळपास्नं दोनदा पुसलेली फरशी. शालनबाई हसली. म्हणली, "बसा की मॅडम, खुर्च्या हायेत."

"नाही, मुलं उभीच राहतील. लवकर आटपायचंय."

बाईनं फ्रीज उघडला, गार बाटल्या काढल्या. "पाणी त्यांनी आणलंय हो," मॅडम म्हणल्या. विजू वाट्या घेऊन पुढं आली, एकेका वाटीत दोन-दोन गुलाबजाम, वर चमचा. "अगं नको, पालकांना सांगितलंय बाहेरचं काही देणार नाही म्हणून."

पोरगी वाट्या घेऊन तशीच दाराशी उभी ऱ्हायली. ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं पोरं.

एक गुबगुबीत पोरगा म्हणला, "मिस, यांच्याकडे तर फ्रीज आहे. आमच्यासारखाच."

मॅडम जरा ओशाळल्या. मंग फोटो काढायला मोबाइल धरला आन म्हणल्या, "शालनताई, तुम्ही तिथे नको. फ्रीज येतोय फोटोत. इकडे खाली गॅसजवळ बसा ना. आणि ती नवी साडी... बरं, असू दे."

शालनबाई खाली बसली. आपल्याच घरात कुठं बसायचं ते तिला दुसऱ्यानं सांगितलं, तवा कुठं तिला जरा जरा कळाय लागलं.

"मुलांनो, बघा," मॅडम म्हणल्या. आवाज गोड, मनात पाप न्हाई, हे बी खरं. "या एवढ्याशा खोलीत तीन माणसं राहतात. स्वयंपाक इथेच, अभ्यास इथेच, झोपायचं इथेच. तरी शालनताई रोज हसत कामाला येतात. आणि जगात तर याहून वाईट परिस्थितीत किती मुलं आहेत. आता आपली थँक्यूची फेरी. डोळे मिटा. आपल्याकडे काय आहे, ते एकेकानं सांगायचं."

पोरांनी डोळे मिटले. दर रविवारच्या सवयीचं असावं.

"मला वेगळी रूम आहे. थँक्यू."

"आमच्याकडे एसी आहे. थँक्यू."

"मला बाथरूमसाठी बाहेर जावं लागत नाही. थँक्यू."

एक दोन वेण्यांची बारकी पोर जरा इचार करत ऱ्हायली. मंग म्हणली, "माझ्या मम्मीला दुसऱ्यांच्या घरी पोळ्या कराव्या लागत नाहीत. थँक्यू."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणल्या. तोंडातनं निघून गेलं, मंग त्यांनीच खाली बघितलं.

शालनबाईनं वर बघितलं तर समोर विजू. पोरीचे डोळे मिटलेले नव्हते. ती आईकडंच बघत व्हती, कुणाच्यातरी घरची कामाची बाई बघावी तशी.

तिथं बाईचं डोकं फिरलं म्हणा, का उलटं लई भराभर चाललं म्हणा. रडली असती तर बरं झालं असतं. ह्या घरनं बाहेर व्हा म्हणली असती तर त्याहून बरं. पण ती उठली, पदर झटकला आन हसून म्हणली, "मॅडम, चुकीच्या घरी आणली वो पोरं. आमचं झ्याक चाललंय. गरिबी बघायचीय तर मागं चला. पत्र्यात."

आन स्वतः पुढं झाली. बोलून गेली ते गेली, पाय बी थांबले न्हाईत.

भीमराज दारात बसला व्हता. एवढी पोरं बघून टॉवेल नीट केला. आतनं गिरजाबाई हात पुसत आली, हाताला अजून वेलचीचा वास. तिला वाटलं, आक्कानं पाव्हण्यांना आपलंबी घर दाखवाय आणलं. फाटकी चटई पालथी करून टाकत म्हणली, "या, या! बसा की. आक्का, सांगायचं तरी आधी!"

मॅडमचा चेहरा उजळला. पत्रा, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात स्टोव्ह. हे त्यांना पायजे व्हतं. हळू आवाजात इचारलं, "यांना काय झालं?"

"मशीनमधी बोटं गेली," शालनबाई म्हणली. "भीमराज, दाखव की पोरांना."

भीमराजनं तिच्याकडं बघितलं. लई येळ न्हाई, पण बघितलं. जिनं दवाखान्यात डबा आणला तिला न्हाई कसं म्हणावं, हेच त्याच्या मनात आलं आसंल. त्यानं टॉवेल काढला.

पुढची बारकी पोर मॅडमच्या मागं दडली आन मुसमुसाय लागली. थँक्यूची फेरी परत झाली. ह्या टायमाला सगळ्यांचं एकच. "माझ्या हाताला बोटं आहेत. थँक्यू." मोठी पिशवी गिरजाबाईच्या हातात दिली. बिस्किटाचे पुडे आन पोरांचे वापरलेले कपडे. फोटो काढला, हात दिसंल असा.

माणसाचं मन किती नासकं बघा. पिशवी पत्र्यात गेली, तवा शालनबाईला एक घडी वाटलं, आपली व्हती ती.

गाडीचा आवाज गेल्यावर भीमराज टॉवेल परत हातावर टाकत म्हणला, "वहिनी, तुमचं घर कमी पडलं व्हय?"

गिरजाबाईच नवऱ्यावर खेकसली, "काहीबी काय बोलता! आक्कामुळं पोरांना कापडं आली." तिनं हे मनापास्नं म्हणलं, आन त्यानंच शालनबाईला जास्त लागलं.

सांजच्याला गुलाबजामाचं भांडं तसंच पडलेलं. शालनबाईनं ते विजूच्या हाती मागं धाडलं. घटकाभरानं पोरगी भांडं घेऊन आली. धुतलेलं, लखलखीत, आन आत बिस्किटाचा एक पुडा.

"हे काय?"

"गिरजामावशी म्हणली, शेजारणीचं भांडं रिकामं देत नसत्यात." पोरीनं पुडा काढून फ्रीजवर फुलांशेजारी ठेवला. "घे. तुझ्या मॅडमनी आणलेलाच हाय."

"आगं मी..."

"कशाला पण आई? आपल्या घरी बघून जाऊ दिलं असतं की त्यांना. आपण हाओत तेवढे. त्यांना कशाला दाखवलंस?"

तुझ्यासाठी, असं म्हणायचं व्हतं बाईला. ते खरं बी व्हतं. पण तोंडातनं निघालं न्हाई. नवनाथ शिफ्टला जायला डबा मागत व्हता, तिनं डबा भरून त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम.

"शालनताई, खूप छान झालं हो आज! मुलं एकदम भारावून गेली. पालकांचे मेसेज येतायत. पुढच्या महिन्यात दुसरी बॅच आणते. तुम्हाला नको पुन्हा त्रास, थेट त्या हातवाल्या भाऊंकडेच जाऊ. तेवढं त्यांना सांगून ठेवाल ना?"

विजूनं पुस्तक उघडलं व्हतं, पण पान उलटत नव्हती. नवनाथ डबा हातात धरून उभा. मागनं पत्र्याच्या खोलीतनं गिरजाबाईच्या पोरांचा दंगा ऐकू येत व्हता, गुलाबजामावरनं भांडत व्हती.

न्हाई म्हणलं तर उद्या सकाळी त्याच ओट्यापाशी त्याच बाईपुढं उभं ऱ्हायचं. माझ्याच घरी या म्हणलं तर परत गॅसजवळ खाली बसायचं.

"ऐकू येतंय ना शालनताई?"

"व्हय मॅडम," शालनबाई म्हणली. "सांगते त्याला."