प्रयोगाचा नारळ

लाट पुढे जाते, पाणी पुढे जात नाही. हे वाक्य कैलास सरांनी सातवीच्या फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सर मूळचे वाशीमकडचे. त्यांच्या गावात पाणी पुढे यायचं ते टँकरमधून, तेही नंबर लागला तर. बोईसरहून स्कूटरने चिंचणीच्या शाळेत यायला लागून त्यांना दीड वर्ष झालं होतं, पण समुद्राशी त्यांची ओळख अजून मान हलवण्यापुरतीच होती.

"पाण्याचा कण जागच्या जागी वर-खाली होतो," सर म्हणाले. "पुढे सरकते ती ऊर्जा."

दीपिकाने हात वर केला. बळवंत तांडेलाची मुलगी, बापाची स्वतःची बोट. "सर, पाणी पुढं येत नाय, तर उधाणाला आमच्या घरात कोण येतं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. विज्ञानात एक सोय चांगली आहे, उत्तर आलं नाही की प्रयोग करता येतो.

प्रयोगाला तरंगणारी वस्तू हवी होती. शाळेचा चेंडू सातवीच्या क्रिकेट संघाने कधीच हरवला होता, म्हणून सरांनी नारळ घेतला. लांबून दिसावा म्हणून भिंतीवरच्या 'हात धुवा'तून उरलेला लाल रंग त्याला फासला आणि वर पांढऱ्याने लिहिलं, 'प्रयोग १'. अख्खा वर्ग रांगेने खाडीच्या तोंडाशी गेला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाईही मागोमाग आल्या. सरांनी नारळ दोन्ही हातांनी उंच धरला, सगळ्यांना दाखवला आणि पाण्यात सोडला.

मैनाबाईंनी हात जोडले. शंका यायची तर तेव्हाच यायला हवी होती.

नारळ जागच्या जागी वर-खाली झाला. सर खूश झाले. मग कुणीतरी हाक मारावी तसा तो वळला आणि सरळ समुद्राकडे चालू लागला.

"वारा आहे," सर म्हणाले. "वारा धरू नका."

वारा समोरून येत होता.

शाळा सुटल्यावर बळवंतने स्कूटर अडवली. मासेमारीची सरकारी बंदी उठून आठवडा झाला होता, पण त्यांच्या वाड्यातली एकही बोट हलली नव्हती. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ गेला की मगच बोटी सोडायच्या. पौर्णिमा अजून तीन दिवसांवर होती, आणि तोवर बाहेरच्या बोटी पापलेट झाडून नेत होत्या.

"बरं केलंत, मास्तर," बळवंत म्हणाला. "उद्या सकाळच्या भरतीला बोट काढतो."

"मी काय केलं?"

"दर्याला नारळ दिलात ना. लालभडक. मैनाबाईने बघितला, आख्ख्या सातवीने बघितला."

"अहो, तो नारळ नव्हता. म्हणजे नारळच होता, पण ते साहित्य होतं. प्रयोगाचं साहित्य."

"दर्याला काय म्हाईत, प्रयोग हाय का मान?"

यावर प्रयोगही करता येत नव्हता. त्यांनी मोबाईल पुढे धरला. नारंगी इशारा होता, उद्या दुपारपासून वादळी वारे, समुद्रात जाऊ नये.

"हा तर रोज येतो," बळवंत म्हणाला. "परवा आला तेव्हा आमी कोलंबीचे सोडे वाळत घातलेले. कडक वाळले."

"मग तुम्ही ऐकणार तरी कशाने?"

"नारळ परत आला तर. दर्याने मान परत केला म्हणजे, येऊ नको. मग माझ्या बापाने सांगितलं तरी मी जाणार नाय. आणि बाप तिथंच हाय मास्तर, दर्यात. सांगू शकतो."

सर अंधार पडेपर्यंत खाडीच्या कडेने फिरले. दीपिका सोबत होती.

"तुमच्या नियमाने नारळ इथंच पायजे, सर."

"गप्प बस."

"नियम खोटा असला तर येईल परत. खरा असला तर बाबा जाईल." ती पाण्याकडे बघत होती. "सर, तुमाला काय पायजे?"

"येऊ दे गं बाई," सर म्हणाले. विज्ञानाच्या विरोधात त्यांनी मनापासून काढलेलं हे पहिलं वाक्य.

नारळ आला नाही. परतताना सर बोईसरला दुकानात थांबले.

"पूजेचा का चटणीचा?" दुकानदाराने विचारलं.

"रंग बसेल असा द्या."

तसाच लाल रंग आणि वरचं 'प्रयोग १' वाळल्यावर त्यांनी नारळ दगडाने ठिकठिकाणी खरवडला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. वर्षाराणी, त्यांची बायको, बादलीत डोकावली. "लोणचं घालताय?"

"विज्ञान आहे."

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि आणखी दोन मुठी टाकून गेली.

पहाटे सरांनी तो नारळ बळवंतच्या बोटीखाली ओल्या वाळूत ठेवला आणि ते बंधाऱ्यामागे जाऊन बसले. बळवंत आला. नारळ बघितला. मग मागे न बघता खलाशांना म्हणाला, "बर्फ उतरवा. आज जायचं नाय."

दुपारी आभाळ तव्यासारखं काळं झालं आणि वाऱ्याने नारळीची झाडं एकाच बाजूला ओढून धरली. समुद्र बंधारा चढून गल्ल्यांमध्ये शिरला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या दोन बोटींचा पत्ता लागत नव्हता.

सातवीच्या वर्गात घोटाभर चिखल होता. फळ्यावर सरांचं वाक्य तसंच होतं. पाणी नेमकं तिथवर आलं होतं, वाक्याखालच्या दोन रेघा पुसून गेलं होतं. आणि फळ्याखाली, चिखलात, लाल नारळ पडला होता. 'प्रयोग १'.

दारात बळवंत उभा होता, हातात बोटीखाली सापडलेला नारळ घेऊन. त्याने तो पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"यातला दर्याचा कुठला?"

सरांनी चिखलातला दाखवला.

"मग हा?"

"माझा."

बळवंत खाली बसला. "तुमी मला वाचवलंत. त्यात काय बोलायचं नाय. पण दर्याच्या नावाने खोटा निरोप दिलात, मास्तर. आणि त्याला तो कळला. बघा, खरा नारळ घेऊन तुमच्या वर्गात आला." त्याने चिखलावरून बोट फिरवलं. "पौर्णिमेला दोन्ही तुमीच सोडायचे. आत जाऊन."

"आत म्हणजे?"

"कडेने टाकले तर परत येतात."

"मला पोहता येत नाही हो."

"नारळाला कुठं येतं?"

पौर्णिमेला वाड्यातल्या सगळ्या बोटींना पताका लागल्या. नारळ सोडून बळवंतची बोट परत आली की बाकीच्या निघणार होत्या. बोटीत दोघंच, बळवंत आणि सर. दीपिका किनाऱ्यावर मैनाबाईंचा पदर धरून उभी होती. तिने हात हलवला नाही.

खाडीच्या तोंडाबाहेर बळवंतने इंजिन बंद केलं. दर्या तेलासारखा सपाट होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. सरांनी एक नारळ डावीकडे सोडला, एक उजवीकडे. दोन्ही बोटीला धरून राहिले. वर-खाली, वर-खाली, जागच्या जागी. अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखे. सरांना हायसं वाटलं, आणि मुलांना दाखवावं म्हणून त्यांनी किनाऱ्याकडे बघितलं.

शाळा काडेपेटीएवढी दिसत होती. मघाशी ती शाळेएवढी होती.

"बळवंतभाऊ, आपण पुढे चाललोय का?"

"नाय मास्तर," बळवंत दोर गुंडाळत म्हणाला. "पाणी जागच्या जागी ऱ्हातं. तुमीच शिकवलंय पोरीला."

"चेष्टा पुरे. इंजिन लावा."

बळवंत हसत उठला. हँडल फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं, ते खोकलंही नाही. त्याने मान वळवून डावीकडचा नारळ बघितला, मग उजवीकडचा. किनारा आता नुसती रेघ होती, आणि नारळ मात्र वीतभरही मागे पडले नव्हते.

बळवंतने हँडल सोडलं आणि मैनाबाईंनी जोडले होते तसे हात जोडले.

या वेळी सरांना शंका लगेच आली.