उणे सात वर्षांची बाळं

परीक्षक अदिस अबाबाहून निघाले होते आणि त्सिगेरेडाच्या प्रबंधातल्या नवजात बाळांचं सरासरी वय उणे सात वर्षं येत होतं. दुपारी तिची तोंडी परीक्षा. पास झाली, तर तिच्या गावच्या इस्पितळाला पहिली बालरोगतज्ज्ञ मिळणार होती.

"जन्माआधी सात वर्षं कावीळ," मी म्हणालो. "वैद्यकात क्रांतीच की!"

"अदमासू, कॉफी पी आणि गप्प बस."

केसपेपरवर जन्मतारखा आमच्या इथिओपियन पंचांगाच्या. कॉम्प्युटर मात्र फेरेंजींचा, म्हणजे परदेशी गोऱ्यांचा, आमच्यापेक्षा सात वर्षं पुढे पळणारा. म्हणून तिने तारखांत सात वर्षं मिळवली होती. मूळ प्रोग्रॅम तिचे मार्गदर्शक प्राध्यापक वर्कनेह यांचा. फाइलचं नाव 'शेवटचा-खरंच-शेवटचा-४', आत खुलाशाची एक ओळ नाही.

"गाशे, तुम्हीही कुठे सात मिळवलेत का?" तिने प्राध्यापकांना आदराची हाक मारून विचारलं.

"मिळवले असतील. मी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. तपासत बसायला वेळ कुणाला आहे?"

तिने तपासलंच. ज्याचं वय नक्की ठाऊक आहे असा एक माणूस हवा होता. प्राध्यापक साठ वर्षांचे, पुढच्या महिन्यात निवृत्त, हे सगळ्या विभागाला पाठ. तिने त्यांची जन्मतारीख घातली.

त्रेपन्न.

प्राध्यापकांनी चष्मा लावला. "अगं, प्रोग्रॅम उत्तम चाललाय!"

"गाशे, पुढच्या महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे."

"यंत्र कशाला खोटं बोलेल, मुली?"

"मग बाळांचं काय?"

"बाळांचं बघू."

तिला प्रोग्रॅममध्ये त्यांनी मिळवलेले सात सापडले. ते पुसताना प्राध्यापक कुणाला पोहोचवायला आल्यासारखे उभे होते. वय साठ झालं. बाळंही जन्मल्यानंतरच आजारी पडू लागली. तिने प्रोग्रॅमच्या वरती कारण लिहून ठेवलं आणि एक कायमची चाचणी बसवली: प्राध्यापक साठचे निघाले तरच पुढचं गणित.

"माझंच वय सापडलं?"

"दुसरं कुणाचं इतकं पक्कं नाही, गाशे."

दुपारी परीक्षकांनी नेमकं विचारलं, "वयं बरोबर आहेत कशावरून?" तिने चाचणी चालवली. भिंतीवर हातभर अक्षरं उमटली: 'प्राध्यापक वर्कनेह, वय साठ. ठीक.'

परीक्षकांनी त्सिगेरेडाला पास केलं आणि प्राध्यापकांना निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या.

संध्याकाळी प्राध्यापक पेनड्राइव्ह घेऊन आले. "जुनी प्रत पुसली नाहीस ना?"

"जुन्या प्रती म्हणजे अडगळ, असं तुम्हीच म्हणायचात."

"छे, छे! संशोधनात जुनी प्रत जपायलाच हवी," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.