हाताच्या उंचीची पट्टी

"अहो, तुम्ही असे वही घेऊन बसलात की मला तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि कृष्णातच्या स्टुलाला वळसा घालून तिसऱ्यांदा फ्रिजकडे गेल्या.

"मी नाहीच असं समजा की म्याडम. रोज जे करताय तेच करा."

सकाळचे पावणेसात वाजत होते. टिपणिसांच्या वाशीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, कृष्णात सुतार सहा वाजल्यापासून ठाण मांडून बसला होता. ही त्याची जुनी खोड. नवा फ्लॅट सजवायचा म्हटलं की बाकीचे डिझायनर कॅटलॉग उघडायचे. हा जुन्या घरात एक सकाळ आणि एक स्टूल मागायचा. माणसं कशी उठतात, कुठं अडखळतात, कशासाठी कुणाला हाका मारतात, हे बघितल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही. सीबीडी-बेलापूरचे एक वकील दारात एका पायावर नाचत मोजे चढवतात हे त्यानं असंच पाहिलं होतं, आणि दोन महिन्यांनी वकिलांच्या नव्या दारापाशी शिसवी बाक आला होता. वकील तो बाक पाहुण्यांना आधी दाखवायचे आणि देवघर नंतर.

कृष्णातकडे डिग्री नव्हती. कागलजवळच्या गावातून वडिलांची रंधा-करवत घेऊन आला, शिरवण्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पंधरा वर्षांत दुसऱ्यांची साठेक घरं लावून दिली. आर्किटेक्ट लोक त्याला 'फर्निचरवाला' म्हणायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे, निदान तो तसं म्हणायचा.

टिपणिसांचा नवा फ्लॅट बेलापूरला, खाडीसमोर, नवव्या मजल्यावर होता. इटालियन मार्बल, आणि बिल्डरनं दिवाणखाना दोन पायऱ्या खाली उतरवलेला. सत्त्याण्णव साली ती फॅशनच होती. वैजयंतीबाईंनी सहा वर्षं मासिकांतली चित्रं कापून फाइल केली होती: काचेचं डायनिंग टेबल, आरशाची भिंत, पायऱ्यांवर कुंड्या. बाई ती फाइल अशी उघडायच्या, जणू मुलीच्या लग्नाचा अल्बम.

एवढ्यात बाईंचे यजमान दिलीपराव बाहेर आले. न्हावा-शेवा बंदरात मोठ्या हुद्द्यावर असलेला, उंचापुरा, पन्नाशीचा माणूस. त्यांनी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ लांबूनच अचूक वाचलं, "सातला पाच कमी," आणि दुसऱ्याच पावलाला कृष्णातच्या स्टुलावर आदळले.

"हे स्टूल कुणी ठेवलं इथं?"

स्टुलावर अख्खा कृष्णात बसलेला होता.

"मी आहे साहेब," तो उठत म्हणाला. दिलीपराव हसले, सॉरी म्हणाले, आणि चहा ओतून घेताना त्यांनी कपाच्या काठावरून एक बोट आत सोडलं. चहा बोटाला लागला तसे थांबले. वैजयंतीबाई पोळी लाटत होत्या. लाटता लाटताच त्यांनी वाटेतली पिशवी पायानं बाजूला सारली, कपाटाचं उघडं दार कोपरानं लावलं. चेहऱ्यावर काही नाही. हात मात्र सतत नवऱ्याच्या पुढं दोन पावलं.

कृष्णातनं त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

खाली गाडीपाशी दिलीपरावांनी त्याला गाठलं. "त्या दोन पायऱ्या बुजवता येतील? आणि फर्निचरचे कोपरे गोल करा. काचेचं टेबल तर नकोच."

"पण म्याडमच्या फाइलीत..."

"तिचे गुडघे दुखतात हल्ली. कबूल करत नाही. माझं नाव सांगू नका, तुमचीच आयडिया म्हणून सांगा."

दोन दिवसांनी वैजयंतीबाई एकट्याच बेलापूरला साइटवर आल्या. फाइल काखेत होती, पण उघडली नाही.

"पायऱ्या भरून टाका. काचेचं टेबल नको. आरसेही नकोत."

"का ओ म्याडम? एवढं हौसेनं..."

"यांचा हात फार वेंधळा आहे. मला रोज काचा गोळा करायच्या नाहीत. माझाच विचार बदलला असं सांगा यांना."

कृष्णात फुटपट्टीनं पाठ खाजवत उभा राहिला. एकाच घरासाठी त्याला दोन गुप्त हुकूम मिळाले होते आणि दोन्ही अक्षरशः एकच होते. त्याला हसू आलं. पण बाईंकडं बघितलं आणि ते तिथंच थांबलं.

"म्याडम, साहेबांना बाजूचं दिसत नाही. होय ना?"

बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर फाइल ठेवली.

"काचबिंदू आहे. शर्ट धुवायला टाकताना खिशात डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, दिवाळीत. समोरचं अजून आहे, कडेचं गेलंय. पुढं तेही जाईल म्हणतात. यांनी मला सांगितलेलं नाही."

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"कसं विचारू? आयुष्यभर चार लोकांना हुकूम देणारा माणूस. मी विचारलं तर त्यांना माझ्यासमोर हो म्हणावं लागेल." त्यांनी फाइल हातानं आणखी दूर सारली. "कृष्णात, एवढंच बघा. माझ्या नवऱ्याला स्वतःच्या घरात कुणी हात धरून फिरवायला लागू नये. आणि घर दवाखान्यासारखं दिसायला नको. पाहुणा आला तर त्याला हेवा वाटला पाहिजे."

असली ऑर्डर कृष्णातला जन्मात कुणी दिली नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं डोळे गच्च मिटले आणि दारापासून मोरीपर्यंत चालायला लागला. पहिल्याच फेरीत पाण्याची कळशी कलंडली.

"काय चाललंय ह्ये?" त्याची बायको गोजरा ओरडली. "डोळ्यात काय गेलं का?"

"गप जरा. चालू दे मला."

दुसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं, की पाय घाबरले की हात आपोआप भिंत शोधतो. तोही नेमका एकाच उंचीवर, कमरेच्या जरा खाली. त्यानं डोळे न उघडताच गोजराला टेप मागितली. ती कपाळाला हात लावून टेप घेऊन आली, आणि तिनंच मोजलं.

"तेहेतीस इंच. आता सांगशील का काय ते?"

त्यानं सांगितलं. गोजरानं सांडलेलं पाणी पुसलं आणि म्हणाली, "साहेब तुझ्यापेक्षा उंच हाईत ना? मग दोन इंच वाढव."

तर अशी ती सागवानी पट्टी जन्माला आली. पस्तीस इंचांवर, दरवाज्यापासून सुरू होऊन दिवाणखाना, पॅसेज, खोल्या, सगळ्या घराला कंबरपट्टा घातल्यासारखी. वरून गुळगुळीत, मधाच्या रंगाचं पॉलिश. दारं जवळ आली की पट्टीवर कोरीव खाचा: बेडरूमला एक, बाथरूमला दोन, स्वयंपाकघराला तीन. बघणाऱ्याला वाटावं नक्षीच आहे.

काम होत आल्यावर कृष्णातनं डोळ्यांना पंचा बांधला आणि घरभर फिरू लागला. उरणकडचा त्याचा जुना मिस्त्री हिरामण रंधा थांबवून बघत राहिला.

"काय रं कृष्णात, या वयान आंधली कोशिंबीर खेलतंस काय?"

उत्तर द्यायच्या आत कृष्णातचं कपाळ बाथरूमच्या चौकटीवर दाणकन आपटलं. स्विचबोर्ड मध्ये आला म्हणून हिरामणनं पट्टी दीड फूट आधीच संपवली होती. कुणाच्या नजरेत येणार नाही इतकीशी गोष्ट. कृष्णातनं टेंगूळ चोळत बोर्ड वर सरकवायला लावला आणि तेवढी भिंत नव्यानं करून घेतली. हिरामण चार दिवस त्याच्याशी बोलला नाही.

किल्ल्या द्यायच्या रविवारी सकाळी दोघं आली. दिलीपराव आत शिरले, सवयीनं थबकले, आणि त्यांचा डावा हात पट्टीवर पडला. ते चालू लागले. आधी सावकाश, मग जरा मोकळेपणानं, मग आपल्या नेहमीच्या ऐटीत. भरलेल्या पायऱ्यांवरून सरळ पलीकडे गेले. पॅसेजमध्ये एका खाचेवर बोट थांबलं, तिथं बेडरूम होती. पुढं दोन खाचांवर थांबलं. तिथून मात्र ते हलेनात.

"कृष्णात," ते न वळता म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डिझाइन हाय साहेब. सध्या चालतंय असं." जन्मात त्याला खोटं धड बोलता आलं नव्हतं.

"दोन म्हणजे बाथरूम ना हो?"

हा आवाज मागून आला. वैजयंतीबाई पॅसेजमध्ये शिरल्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि पट्टीवर हात ठेवून त्या एकेक पाऊल चाचपत येत होत्या. दिलीपरावांनी पूर्ण मान वळवली तेव्हा कुठं त्या त्यांच्या नजरेत आल्या.

"वैजू, डोळे का मिटलेस?"

"शिकतेय. तुम्ही एकट्यानं किती दिवस शिकणार?"

खालून दूधवाल्याची घंटा ऐकू आली.

"कधी कळलं तुला?"

"दिवाळीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

दिलीपरावांनीही डोळे मिटून घेतले. त्यांचा हात पट्टीवरून मागे मागे सरकत गेला, चाचपत, घाई न करता, आणि बाईंच्या बोटांना लागला.

कृष्णातनं किल्ल्या ओट्यावर ठेवल्या, वाजू नयेत म्हणून मुठीतून एकेक सोडत. मग दाराबाहेरच्या चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरू लागला.